अरबी समुद्र, एल निनो आणि आपला पाऊस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल उजाडला की व्हॉट्सॲपवर तेच मेसेज फिरायला लागतात, "यंदा एल निनो, दुष्काळ नक्की" नाहीतर "यंदा ला निना, धो धो पडणार". (एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं, ला निना म्हणजे त्याच्या उलट, गार होणं.) शेतकरी घाबरतात, पाणीवाटपाच्या चर्चा सुरू होतात, आणि खरं काय ते कोणी नीट सांगत नाही. म्हणून लोक कायम विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतलेत, मुख्यतः महाराष्ट्र आणि गोवा डोळ्यासमोर ठेवून.

प्र. समुद्र आणि हवा यांचा नेमका काय संबंध? हवामान म्हणजे हवाच ना?

हवा पटकन तापते, पटकन गार होते, समुद्र तसा नाही. समुद्राचा फक्त वरचा साधारण तीन मीटरचा थर घेतला तरी त्यात वरच्या अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता साठवायची ताकद असते. म्हणजे उष्णतेची खरी तिजोरी समुद्रात आहे आणि हवा त्यातून रोज थोडं थोडं उचलते. उचलते कशी, तर मुख्यतः बाष्पीभवनातून. एक किलो पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते ती तेवढंच पाणी शून्यापासून शंभर डिग्रीपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून जास्त असते, आणि ही सगळी उष्णता वाफेबरोबर लपून वर जाते आणि ढग झाला की तिथे बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा अजून वर चढते, खाली दाब कमी होतो, वारा अजून जोरात आत ओढला जातो, आणि वारा जोरात वाहिला की समुद्राचं पाणी ढवळलं जातं, त्याचं तापमान बदलतं. म्हणजे समुद्र हवेला ढकलतो आणि हवा समुद्राला. पुढची जवळपास सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

प्र. शाळेत शिकलो की उन्हाळ्यात जमीन तापते, कमी दाब होतो, समुद्रावरून वारे येतात, झाला मान्सून. बरोबर ना?

अर्धं बरोबर. ही कल्पना एडमंड हॅलीने १६८६ मध्ये मांडली, आणि सुरुवात करून द्यायला जमीन तापणं लागतंच. पण जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात आणि पाऊस सगळ्यात जास्त पडतो जुलै-ऑगस्टमध्ये, तोपर्यंत जमीन बरीच गार झालेली असते. शिवाय दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते, मग तेव्हा पाऊस जास्त पडायला हवा होता, पण तसं होत नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ हा मुद्दा सतत मांडत राहिल्या, की विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती ढगांचा आणि पावसाचा जो पट्टा असतो तोच उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून भारतावर येतो, आणि मान्सून म्हणजे तो पट्टा. मला हे पटतं, कारण एकदा असं बघितलं की पाऊस मधेच का थांबतो, एल निनोला का घाबरायचं, हे सगळं जुळायला लागतं.

प्र. आपल्या पावसाचं पाणी नक्की येतं कुठून?

बरंचसं दक्षिण गोलार्धातून आणि अरबी समुद्रातून. मादागास्करच्या पूर्वेला मास्करीन बेटांच्या आसपास जून ते सप्टेंबर मोठा जास्त दाबाचा भाग असतो, तिकडून वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे येतात, केनिया-सोमालियाजवळ विषुववृत्त ओलांडतात, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांमुळे त्यांना एका बाजूने भिंत मिळते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतात, आणि मग साधारण दीड किलोमीटर उंचीवर एक जोरदार झोत बनून अख्खा अरबी समुद्र पार करत थेट आपल्या किनाऱ्यावर आदळतात. याला सोमाली जेट म्हणतात, शास्त्रज्ञ याला फिंडलेटर जेट पण म्हणतात. याच वाऱ्यांवर शिडाची गलबतं अरबस्तान-आफ्रिकेतून मलबारला आणि कोकणच्या बंदरांत यायची. वाटेत हे वारे समुद्रातून प्रचंड बाष्प उचलतात. म्हणून आंबोलीत पडणाऱ्या सरीतलं बरंच पाणी काही दिवसांपूर्वी भर समुद्रात होतं असं म्हटलं तर त्यात काही चूक नाही.

प्र. मे महिन्यात समुद्र एवढा गरम असतो, मग पावसाळ्यात त्याचं काय होतं?

गार होतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. मे महिन्यात अरबी समुद्राच्या मोठ्या भागात पाण्याचं तापमान ३० डिग्रीच्या आसपास किंवा वर असतं, जगातल्या सगळ्यात गरम समुद्रांपैकी एक. मग वारे सुरू झाले की तीन गोष्टी एकदम होतात. वाऱ्याने बाष्पीभवन वाढतं आणि माठातलं पाणी जसं गार होतं तसा वरचा थर गार होतो, वारा पाणी ढवळून खालचं थंड पाणी वर आणतो, आणि ढगांमुळे ऊन अडतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला तर वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खोलातलं थंड पाणी वर येतं, तिथे ऐन जुलैत तापमान पंचवीसच्याही खाली जातं.

याचा अर्थ मान्सून स्वतःच्याच समुद्राला गार करतो. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की समुद्राचं तापमान साधारण २८ डिग्रीच्या वर असेल तरच त्यावर मोठे उंच ढग नियमित तयार होऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात पश्चिम अरबी समुद्रावर ढग फारसे दिसत नाहीत, बाष्प तिथे उचललं जातं पण पाऊस पाडायला आपल्या किनाऱ्याजवळचा उबदार भाग आणि सह्याद्री लागतो. बंगालचा उपसागर याच्या उलट आहे, गंगा-ब्रह्मपुत्रा-इरावतीचं गोडं पाणी वर तरंगत राहतं, ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे वारा कितीही वाहिला तरी वरचा थर गरम राहतो आणि तिथे पावसाळाभर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होत राहतात.

प्र. समुद्र एकच, मग महाबळेश्वरला एवढा पाऊस आणि वाईला का नाही?

सह्याद्री. बाष्पाने भरलेला वारा कोकणातून येऊन घाटमाथ्याला धडकतो, त्याला वर चढावं लागतं, वर हवा थंड, बाष्पाचं पाणी होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पाचगणीकडे निघालं की त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलात की जेमतेम सातशे-आठशे, सगळा प्रवास तीसेक किलोमीटरचा. ऑगस्टमध्ये हा रस्ता केला तर वर धुक्यात हेडलाइट लावून गाडी चालवावी लागते आणि खाली वाईच्या घाटावर ऊन पडलेलं असतं. अजून पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत इथे पाचशेच्या आसपास. उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते, त्यामुळे ढग दिसतात, वर वर निघून जातात, पडत नाहीत. माणदेशातल्या माणसाला हे सांगायला नको.

प्र. मग विदर्भ आणि मराठवाड्याला पाऊस कोण देतं?

विदर्भाला मुख्यतः बंगालचा उपसागर. तिथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि वाटेत विदर्भाला चांगलं भिजवतात, आणि तीच क्षेत्रं अरबी समुद्रावरचे वारेपण जोरात आत ओढतात, म्हणून बऱ्याच वेळा "उपसागरात लो तयार झाला" अशी बातमी आली की दोन-तीन दिवसांत कोकणातही जोर वाढतो. मराठवाडा मधे सापडतो. अरबी समुद्राकडचा पाऊस सह्याद्री काढून घेतो, उपसागराकडची क्षेत्रं बऱ्याचदा उत्तरेकडून मध्य प्रदेशातून निघून जातात. म्हणून तिथे एखादा पावसाळा थोडा जरी बिघडला तरी फटका सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात बसतो.

प्र. एल निनो होतो पॅसिफिकमध्ये, त्याचा लातूरशी काय संबंध?

नेहमी पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाकडे लोटतात, तिकडे समुद्राची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. पेरूकडे खालून थंड पाणी वर येत राहतं. इंडोनेशियाकडच्या गरम पाण्यावर ढग होतात, हवा वर चढते, आणि या चढण्यामुळे वारे अजून मजबूत होतात. एल निनोच्या वर्षी हे वारे ढिले पडतात, गरम पाणी मधे आणि पूर्वेकडे पसरतं, मग ढग आणि वर चढणारी हवापण तिकडे सरकते. आता एका ठिकाणी हवा वर चढली की दुसरीकडे कुठेतरी ती खाली उतरणारच, आणि उतरणारी हवा बऱ्याच वेळा इंडोनेशिया ते भारत या पट्ट्यावर येते. हवा उतरायला लागली की ढग वाढत नाहीत. म्हणून लातूर.

हे कोडं सुटायला सुरुवातही भारतातल्या दुष्काळामुळेच झाली. १८९९ च्या भयंकर दुष्काळानंतर पावसाचा आधी अंदाज देता यावा ही निकड होती, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले, सिमल्याहून काम करायचे, आणि जगभरातल्या दाबाचे आकडे तपासताना त्यांना दिसलं की पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला घटतो. पुढे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी तो दाबाचा हेलकावा आणि पेरूकडचं गरम पाणी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे सांगितलं. खात्याचं ऑफिस १९२८ मध्ये पुण्यात आलं, शिवाजीनगरला आपण ज्याला आजही सिमला ऑफिस म्हणतो ते हेच.

प्र. म्हणजे एल निनो आला की दुष्काळ ठरलेला?

नाही. धोका वाढतो, पण ठरलेला नसतो, आणि याच एका गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं.

१९९७ बघा. विसाव्या शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक, सगळे घाबरलेले, आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. २००२ मध्ये मध्यम एल निनो, फार कोणी काळजी केली नव्हती, आणि पाऊस ८१ टक्के, जुलैमध्ये तर सरासरीच्या निम्माही पडला नाही. २००९ ला ७८ टक्के. २०१४ आणि २०१५ लागोपाठ ८८ आणि ८६, आणि त्याचा शेवट आपण पाहिला, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. १९७२ चा दुष्काळ, जो आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलाय, सुकडी आणि रोजगार हमीची कामं, तोही एल निनोच्या वर्षातलाच.

फरक कशामुळे पडतो? एक तर गरम पाणी पॅसिफिकमध्ये कुठे आहे यावर. मधल्या भागात असेल तर भारतावर हवा उतरण्याची शक्यता जास्त, अगदी पूर्वेला पेरूजवळ असेल तर कमी. दुसरं, एल निनो कधी जोर धरतो, जूनमध्ये की ऑक्टोबरमध्ये. आणि तिसरं आपलाच हिंदी महासागर, त्यावर पुढचा प्रश्न.

प्र. हा आयओडी काय प्रकार आहे? बातम्यांत सारखा येतो.

इंडियन ओशन डायपोल. हिंदी महासागराची पश्चिम बाजू म्हणजे आफ्रिकेकडची, आणि पूर्व बाजू म्हणजे सुमात्रा-जावाकडची, यांच्या तापमानातला फरक. पश्चिम बाजू जास्त गरम आणि पूर्व बाजू गार झाली तर त्याला पॉझिटिव्ह म्हणतात, आणि ते बऱ्याच वेळा आपल्या पावसाला मदत करतं, उलट झालं तर निगेटिव्ह. हे १९९९ मध्ये जपानमध्ये काम करणाऱ्या एन. एच. साजी, यामागाता आणि भारतीय शास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन यांनी मांडलं. १९९७ ला जोरदार पॉझिटिव्ह आयओडी होता, एल निनोचा बराचसा परिणाम त्याने झाकला असं मानलं जातं, पण त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेत महापूर आणि इंडोनेशियात जंगलांना वणवे. आपल्याला जे सावरतं ते दुसऱ्याला बुडवतं किंवा जाळतं, एवढं लक्षात असू द्या.

२०१९ पण तसंच वर्ष. जून इतका कोरडा गेला की देशात ३३ टक्के तूट, मराठवाड्यात टँकर चालू, आणि मग जुलैपासून जो सुरू झाला तो थांबेना, ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली, मान्सून परत जायला ९ ऑक्टोबर उजाडला, आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. त्या वर्षी आयओडी खूप जोरात पॉझिटिव्ह होता. पण आयओडीवरही आंधळा भरवसा नको, २०२३ मध्ये तो पॉझिटिव्ह झाला पण उशिरा, आणि त्याआधीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, ३६ टक्के तूट. सप्टेंबरने थोडं सावरलं आणि हंगाम ९४ टक्क्यांवर आला, पण तोवर बऱ्याच ठिकाणचं सोयाबीन करपलं होतं.

प्र. ला निना म्हणजे चांगला पाऊस ना?

बऱ्याच वेळा हो. पण चांगला आणि जास्त यात फरक आहे, अतिवृष्टीने पिकं गेलेल्या माणसाला विचारा.

प्र. भर पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाऊस गायब का होतो?

कारण ढगांचा पट्टा एका जागी बसत नाही. समुद्रावरून उत्तरेकडे सरकणाऱ्या ढगांच्या लाटा ३० ते ६० दिवसांच्या फेऱ्यात येतात, लाट अंगावर आली की झड लागते आणि पुढे गेली की पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो, तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे ऊन. याला खंड म्हणतात. एल निनोच्या वर्षी हे खंड बऱ्याच वेळा लांबतात.

प्र. २६ जुलै २००५ ला मुंबईत नेमकं काय झालं होतं?

सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. दोन्ही वेधशाळांत साधारण २५ किलोमीटरचं अंतर. समुद्रावरून बाष्पाचा जोरदार ओघ चालू होता, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा होता, उपसागराकडून आलेला कमी दाब वारे ओढत होता, हे सगळं मोठ्या आवाक्याचं. पण त्यात उपनगरांवर जे उंच ढग उभे राहिले ते अगदी छोट्या भागापुरते. म्हणून मुंबईत मुसळधार पडणार हे आधी सांगता येतं, पण अंधेरीत पडणार की चर्चगेटला, हे दोन दिवस आधी सांगणं अजूनही फार अवघड आहे.

गरम हवेत दर डिग्रीला साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. समुद्र तापतोय, बाष्प वाढतंय, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांचं बाष्प येतं ते मुख्यतः अरबी समुद्रावरून.

प्र. अरबी समुद्रात चक्रीवादळं वाढलीत का?

हो. २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा ती सुमारे निम्म्याने वाढली आणि जास्त टिकायला लागली. पाणी गरम, म्हणून इंधन जास्त. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० ला निसर्ग थेट श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं आणि पिढ्यांपिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या, पोफळ लावली की उत्पन्न द्यायला वर्षं लागतात, त्या घरांचं नुकसान त्या दिवशीच्या पंचनाम्यात मावणारं नव्हतं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते अख्ख्या किनाऱ्याला घासून गुजरातला गेलं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सहसा वादळं होत नाहीत, कारण तेव्हा खालचे वारे पश्चिमेकडून आणि वरचे पूर्वेकडून इतक्या जोरात वाहतात की वादळाची मान उभीच राहत नाही.

प्र. मुंबई-पणजीला घाम आणि नागपूरला लाही, असं का?

समुद्र जवळ असला की तापमान टोकाला जात नाही. मे महिन्यात मुंबई ३३-३४, नागपूर ४२-४३ आणि वरही. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारे. एखाद्या दिवशी खारे वारे उशिरा सुरू झाले तर मार्चमध्येही मुंबईचा पारा चाळिशीला टेकतो. कमी तापमान आणि जास्त दमटपणा याला कमी धोक्याचं समजू नका, घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही, नाक्यावर उभं राहून काम करणाऱ्यांना त्याचा जास्त त्रास होतो.

प्र. मासेमारीवर याचा परिणाम होतो का?

थेट होतो. पावसाळी वाऱ्यांमुळे आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, केरळला जास्त, वर येत येत गोव्यापर्यंत जाणवतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली-बांगड्याला खाद्य मिळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालायची नाही ही कोळीवाड्यातली जुनी रीतही याच काळाला धरून आहे. पण याच पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, गोव्याच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दाखवलंय की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला किनाऱ्याजवळ तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो. मग मासळी जागा बदलते आणि जाळी रिकामी येतात.

प्र. २०२५ मध्ये मान्सून मे मध्येच आला. मग आता तारखा बदलल्या का?

एका वर्षावरून काही बदलत नाही. केरळात नेहमीची तारीख १ जून, मुंबईत ११ जून. २०२५ ला केरळात २४ मे आणि मुंबईत २६ मे ला आला, मुंबईसाठी हा नोंदींमधला सगळ्यात लवकरचा. त्या वेळी दक्षिण कोकणाजवळ अरबी समुद्रात कमी दाब तयार झाला होता आणि त्याने वारे ओढून आणले. पण मे संपताना तो जो अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना, आणि विदर्भ-मराठवाड्यात लोक आभाळाकडे बघत बसले. २०२३ ला उलट, बिपरजॉय वादळाने बाष्प स्वतःकडे खेचलं, मान्सून रत्नागिरीजवळ थांबला आणि मुंबईत पोचायला २५ जून लागला.

प्र. एप्रिलमधल्या अंदाजावर किती विसंबायचं?

एप्रिलमध्ये पॅसिफिकची पुढची चाल ओळखणं सगळ्यात कठीण असतं, मार्च ते मे हा काळ समुद्राच्या मॉडेलांसाठी कायमच अवघड. म्हणून हवामान खातं एप्रिलमध्ये एक अंदाज देतं आणि मे अखेरीस सुधारून दुसरा देतं, तो दुसरा नक्की वाचा. आणि "देशात १०३ टक्के" हे वाचून आपल्या तालुक्याचं गणित मांडू नका, अख्ख्या देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटीमीटर आहे, त्यात मेघालयही आलं आणि जैसलमेरही.

प्र. मग पेरणी कधी करायची?

मृग निघाला, पहिला पाऊस पडला, शेजाऱ्याने पाभर जुंपली म्हणून नाही. जूनच्या सुरुवातीचा पाऊस बऱ्याच वेळा वळवाचा असतो, तो दुपारच्या तापण्यातून होतो, त्यामागे समुद्राचा सलग ओघ नसतो, म्हणून एक दिवस झोडपून जातो आणि मग दहा दिवस फिरकत नाही. कृषी विभाग सांगतो तसं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, जमिनीत चांगली खोल ओल गेली का ते ढेकूळ उकरून हाताने बघा, आणि हवामान खात्याचा पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो तो बघा, त्यात खंड दिसत असेल तर थांबा. एल निनोच्या वर्षी कमी दिवसांचं वाण आणि सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्या, कारण सोयाबीन खंडात गेलं तरी तूर सप्टेंबरच्या पावसावर उभी राहते.

प्र. रोजचं कुठे बघायचं?

हवामान खात्याची साइट, जिल्ह्याचा इशारा, आणि सॅटेलाइटचा फोटो. सॅटेलाइटच्या फोटोत अरबी समुद्र आधी बघा. किनाऱ्याला लागून ढगांची सलग रांग असेल तर कोकणात आणि घाटावर जोर राहणार, समुद्र मोकळा आणि ढग सगळे हिमालयाकडे असतील तर खंड पडलाय.